हक्काचा कागद व ग्रामकार्यकर्ता
(भिवंडी तालुक्याच्या संदर्भात)

भिवंडी शहरातील धामणकर नाक्यावर दिवसभर माणसांची वर्दळ असते. यंत्रमाग कामगार, गोदामांकडे निघालेले हमाल, रिक्षा, मालमोटारी यांच्या गर्दीत कचेरीच्या कामासाठी आलेला खेडूत लगेच ओळखू येतो. त्याच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी असते. पिशवीत शिधापत्रिका, आधार कार्ड, वडिलांच्या नावाचा जुना सातबारा, कोणी तरी लिहून दिलेला अर्ज आणि चारदोन झेरॉक्स प्रती असतात. त्याच्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. काम झाले की नाही असे विचारले तर ‘साहेब नव्हते’ किंवा ‘एक कागद कमी पडला’ यांपैकी एक उत्तर बहुधा मिळते.

यांतील दुसऱ्या उत्तराचा विचार या लेखात करावयाचा आहे. कोणता कागद कमी पडला, तो कोठून मिळतो आणि तो वेळीच का काढला गेला नाही, ही माहिती खेडुतास शहरात येण्यापूर्वी गावातच मिळाली तर त्याच्या निम्म्या खेपा वाचतील. ही माहिती देण्याचे काम ग्रामकार्यकर्त्याचे आहे. येथे ग्रामकार्यकर्ता या शब्दाने कृषी विभागाचा गावपातळीवरील कर्मचारी, ग्रामपंचायत अधिकारी, अंगणवाडी सेविका, बचत गटाची अध्यक्षा, फार काय, गावातील लिहिता-वाचता येणारा कोणताही होतकरू तरुण अभिप्रेत आहे.

कायदा झाला तरी कागद होत नाही

ठाणे जिल्ह्याचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात १९४५ साली वारली आदिवासींनी वेठ व लग्नगडीची पद्धत यांविरुद्ध लढा दिला. गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांचे नेतृत्व त्या लढ्यास लाभले होते. पुढे १९४८ साली मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम झाला, आणि त्यातील १९५६ च्या दुरुस्तीप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरून त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले. कायद्याने दिलेली ही देणगी मोठी होती. तथापि तिचा लाभ ज्याचे नाव कागदावर कूळ म्हणून लागले होते त्यालाच सुलभतेने झाला. ज्याची वहिवाट तोंडी होती, ज्याच्या पीकपाहणीत सावकाराचेच नाव चालत होते, त्याने पिढ्यान्पिढ्या नांगर धरला असला तरी कचेरीच्या दृष्टीने तो कोणीच नव्हता.

कूळकायद्याच्या कलम ३२-ग प्रमाणे जमिनीची किंमत ठरविली जाते आणि ती भरल्यावर कलम ३२-म चे प्रमाणपत्र मिळते. किंमत भरली, पण प्रमाणपत्र घेतलेच नाही, अशीही उदाहरणे आढळतात. भिवंडीच्या आसपास गोदामे उभी राहू लागल्यापासून भातखाचराचे मोल असे वाढले आहे की, आजोबांच्या काळी कोणी विचारले नसते तो कागद आज नातवाकडे मागितला जातो. सबब ज्या घरी कुळाने मिळालेली जमीन आहे त्या घरी कार्यकर्त्याने एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘३२-म चा दाखला घरात आहे काय?’ नसल्यास तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून जुन्या फेरफारांच्या नकला मागवाव्यात व तेथून माग काढीत जावे.

आदिवासी खातेदाराच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ३६ व ३६-अ यांप्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जाण्यास जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते व विक्रीसाठी शासनाची मान्यताही आवश्यक असते. ‘नुसता करार आहे, खरेदी नंतर करू’ असे सांगून कोऱ्या कागदावर अंगठा घेणारे लोक रस्ता रुंद होऊ लागला की गावात दिसू लागतात. अशा वेळी अंगठा उठण्यापूर्वी विधी सेवा समितीकडे जाणे शहाणपणाचे होय. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, बालके, अपंग व्यक्ती आणि वेठबिगारीला बळी पडलेले लोक यांना उत्पन्नाची मर्यादा न पाहता विनामूल्य वकील मिळतो.

मयताचे नाव आणि जिवंतांची अडचण

आपल्या तालुक्यात बहुसंख्य अडचणींचे मूळ एकाच ठिकाणी सापडते, ते म्हणजे वारस नोंद न होणे. शेतकरी वारला, बाराव्या-तेराव्याचे विधी झाले, भावांनी बांध तोच ठेवून शेत कसावयास घेतले. सातबारा मात्र मयताच्याच नावे राहिला. जोवर सारे सुरळीत चालते तोवर कोणास काही वाटत नाही. मग पीक कर्ज हवे असते, शेतकरी ओळख क्रमांक काढावयाचा असतो (कृषी विभागाच्या योजनांसाठी १५ एप्रिल २०२५ पासून तो आवश्यक करण्यात आला आहे), प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाकाठी मिळणारे ६,००० रुपये हवे असतात, किंवा एखाद्या महामार्गासाठी भूसंपादन होऊन मोबदला वाटला जाणार असतो. समृद्धी महामार्गाचा शेवट आपल्याच तालुक्यात आमणे येथे होतो, हे वाचकांस ठाऊक आहेच. मोबदल्याच्या वेळी ज्या खात्यावर तीन पिढ्यांची नोंद राहिलेली असते त्या खात्याची रक्कम अडते, आणि रक्कम अडली की भावाभावांत वितुष्ट येते.

२०२५ च्या एप्रिलपासून महसूल विभागाने ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम राज्यभर हाती घेतली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावणे हा तिचा हेतू होता. मोहीम असो वा नसो, वारस नोंदीचा मार्ग बारमाही खुला आहे. तो असा : मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करावी. ही मुदत टळली तर विलंबाची परवानगी घ्यावी लागते आणि वर्ष उलटून गेले तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. म्हणून दुखवट्याच्या घरीही हे काम कोणी तरी आठवणीने केले पाहिजे. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे-पत्ते व मयताशी असलेले नाते सांगणारे प्रतिज्ञापत्र आणि खात्याचा उतारा जोडून तलाठ्याकडे, म्हणजे ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, अर्ज द्यावा. ई-हक्क प्रणालीतूनही तो देता येतो. गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद होते. चौकशीअंती ती गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीत घेतली जाते. हितसंबंधितांना नोटीस निघते. हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावर सातबारा बदलतो. शेतकऱ्यांची अशी समजूत असते की, अर्ज दिला म्हणजे नाव लागले. वस्तुतः फेरफार क्रमांक पडणे, तो प्रमाणित होणे व सातबाऱ्यावर अंमल होणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत. तिसरी झाली याची खात्री नवा उतारा हाती घेऊनच करावी. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून महाभूलेखच्या संकेतस्थळावर मिळतो, त्यासाठी भिवंडीस जाण्याचे कारण उरलेले नाही.

येथे मुलींच्या नावाविषयी स्पष्ट लिहिणे अवश्य आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे विधवा, मुलगे, मुली व मयताची आई हे सारे प्रथम श्रेणीचे वारस आहेत, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सेदार आहे. मुस्लिम खातेदाराच्या बाबतीत त्यांच्या वैयक्तिक कायद्याप्रमाणे हिस्से पडतात, आणि तेथेही विधवेस व मुलींस हिस्सा आहेच. ‘बहिणी लग्न होऊन गेल्या’ म्हणून त्यांची नावे यादीतून गाळणे हे खोटे प्रतिज्ञापत्र ठरते. बहीण खरोखरच हिस्सा सोडणार असेल तर तिने स्वखुशीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे. भाऊबीजेच्या ओवाळणीत हा हिशेब मिसळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तीस दिवसांचा प्रश्न

पावसाळ्यात भाताची आवणी व बेणणी चालू असताना सर्पदंश, वीज पडणे, ओढ्याच्या पुरात वाहून जाणे, मोटारपंपाचा धक्का बसणे अशा घटना आपल्या भागात घडतात. यांसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. पूर्वी हे काम विमा कंपनीमार्फत होत असे. २०२३ पासून शासन स्वतः अनुदान देते. अपघाती मृत्यू झाल्यास २ लाख रुपये, दोन डोळे किंवा दोन अवयव निकामी झाल्यास तेवढेच, आणि एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये अशी तरतूद आहे. वय १० ते ७५ वर्षांच्या दरम्यान असावे. खातेदार शेतकऱ्याबरोबरच त्याच्या कुटुंबातील खाते नसलेल्या एका व्यक्तीसही यात संरक्षण आहे. म्हणजे आई, वडील, पती किंवा पत्नी, मुलगा, अविवाहित मुलगी यांपैकी कोणी एक.

पाठ म्हणून लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, प्रस्ताव अपघातापासून ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावयाचा असतो. आता असे समजा की, एखाद्या पाड्यावर चाळीस वर्षांचा एक शेतकरी खाचरात साप चावून वारला. घरच्यांनी त्यास प्रथम भगताकडे नेले, मग दवाखान्यात. तोवर प्राण गेलेला होता. पोलिसांस कळविले नाही, शवविच्छेदन झाले नाही, त्याच संध्याकाळी दहन उरकले. सातबारा त्याच्या आजोबांच्या नावावर. पंधरा दिवस सुतकात व पाहुण्यांत गेले. विधवेस कोणी तरी योजनेविषयी सांगितले तो विसावा दिवस. उरलेल्या दहा दिवसांत तिने मृत्यूचा दाखला, पोलीस पंचनामा, वैद्यकीय कागद, आजोबांपासूनच्या वारसांची नोंद आणि सातबारा आणावयाचा. पदरी दोन लहान मुले आहेत. हे तिला साधणे अशक्यप्राय आहे.

यास्तव अपघात घडल्याच्या दिवशीच कार्यकर्त्याने चार गोष्टी करवून घ्याव्यात. रुग्णास थेट दवाखान्यात न्यावे, कारण सर्पदंशावरील प्रतिविष तेथेच असते आणि जीव वाचणे हेच पहिले. दुर्दैवाने मृत्यू झाल्यास पोलीस पाटलामार्फत पोलीस ठाण्यास वर्दी द्यावी व पंचनाम्याचा आग्रह धरावा. शवविच्छेदनास घरच्यांची मनधरणी करावी. हे काम कठीण आहे. रडणाऱ्या माणसांसमोर कागदाची गोष्ट काढणे कोणासही नको वाटते. परंतु दहन झाल्यावर हा पुरावा कधीच मिळत नाही, हे एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीकडून समजावल्यास पटते. चौथी गोष्ट म्हणजे तालुका कृषी कार्यालयास तत्काळ कळविणे. प्रस्तावास तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालील समिती मान्यता देते व रक्कम वारसाच्या बँक खात्यात जमा होते; विधवेचे स्वतःचे खाते नसेल तर ते त्याच आठवड्यात उघडून घ्यावे.

वनहक्क

वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या बाजूच्या डोंगरपट्ट्यात अनेक कुटुंबे वरकस जमिनीत नाचणी-वरीचे पीक काढतात. ही जमीन वन खात्याची असेल तर सातबाऱ्यावर त्यांचे नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम, २००६ ने तो मार्ग उघडला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या व उपजीविकेसाठी कसलेल्या जमिनीवर ४ हेक्टरच्या मर्यादेत हक्क मिळू शकतो. इतर पारंपरिक वननिवाशांस मात्र ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. हक्क पती-पत्नीच्या संयुक्त नावे दिला जातो; तो वारसाने जातो, विकता येत नाही.

दावा ग्रामसभेकडे द्यावयाचा. वनहक्क समिती जागेवर जाऊन पडताळणी करते, ग्रामसभा ठराव करते, मग उपविभागीय समिती व जिल्हास्तरीय समिती असा क्रम आहे. पुराव्याविषयी फार मोठा गैरसमज आहे. सरकारी पावती नाही म्हणून दावाच दिला नाही, असे सांगणारे लोक भेटतात. नियम १३ मध्ये अनेक प्रकारचे पुरावे दिले आहेत व त्यांतील कोणतेही दोन पुरेसे आहेत. वन खात्याने पूर्वी केलेल्या दंडाच्या पावत्या, एकसाली प्लॉटचे कागद, जुनी मतदार यादी, घरपट्टीची पावती हे लेखी पुरावे झाले. ते नसतील तर दगडी बांध, विहीर, जुने आंब्याचे झाड, दफनभूमी, देवाचे ठिकाण अशा प्रत्यक्ष खुणा आणि दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हेही पुरावेच होत. गमतीची गोष्ट अशी की, अतिक्रमणाबद्दल ज्या पावतीने एके काळी दंड भरावा लागला तीच पावती आज ताबा सिद्ध करते. म्हणून घराच्या आढ्याला खोचलेले जुने कागद टाकून देऊ नयेत.

दावा नाकारला गेल्यास कारण लेखी कळविले पाहिजे. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे ६० दिवसांत दाद मागता येते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी पायी आले तेव्हा त्यांच्या प्रमुख मागण्यांपैकी ही एक होती, कारण नाकारलेले व रखडलेले दावे फार होते. आपल्याकडील दावेदाराने नुसते ‘माझे नाही झाले’ म्हणून स्वस्थ बसू नये. नाकारल्याचा कागद मागून घ्यावा आणि त्यावरील तारीख पाहावी. मुदत त्या तारखेवर अवलंबून असते.

पोच, मुदत व अपील

कोणताही अर्ज द्यावा तो दोन प्रतींत, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व सही घ्यावी. ही सवय एकदा अंगी लागली की कार्यकर्त्याचे अर्धे काम होते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेस मुदत ठरलेली आहे. मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा अर्ज फेटाळला गेला तर ३० दिवसांत प्रथम अपील करता येते, तेथेही समाधान न झाल्यास द्वितीय अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. कसूर सिद्ध झाल्यास संबंधित अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होतो. पोच नसेल तर मुदत केव्हा सुरू झाली हेच सांगता येत नाही, आणि मग हा सारा कायदा शेतकऱ्याच्या काही उपयोगाचा राहत नाही.

अर्ज कोठे थांबला आहे हे कळत नसल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपये शुल्क भरून विचारावे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस तेही माफ आहे. ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली’ एवढा एकच प्रश्न विचारावा. दहा प्रश्न विचारणाऱ्यास दहा पानांचे उत्तर येते व त्यातून काही निष्पन्न होत नाही.

खर्चाविषयीही थोडे. जात, उत्पन्न, रहिवास इत्यादी दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात सादर करावयाच्या प्रतिज्ञापत्रास मुद्रांक शुल्क माफ आहे. ते साध्या कागदावर चालते. असे असता कचेरीबाहेर मुद्रांकासाठी गरीब माणसे पैसे मोजताना दिसतात. हे एक वाक्य ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ठळक लिहून ठेवावे.

वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे

शेवटी कातकरी बांधवांचा विषय. दिवाळीनंतर पाडेच्या पाडे वीटभट्टीवर जातात ते पावसाच्या तोंडावर परततात. या काळात ग्रामसभा होतात, याद्या होतात, छाननी होते. घर बंद पाहून ‘गैरहजर’ असा शेरा पडतो. भट्टीवरही त्यांचे धान्य बुडू नये म्हणून एवढे सांगावे की, शिधापत्रिका कोठेही चालते. अंत्योदय कुटुंबास महिना ३५ किलो व प्राधान्य कुटुंबास माणशी ५ किलो धान्य भट्टीच्या जवळच्या रास्त भाव दुकानातही अंगठा देऊन मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे.

भट्टीमालकाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जाण्यास मज्जाव असेल, मजुरी उचलीत वळती होत असेल, तर ती वेठबिगारी होय. २५ ऑक्टोबर १९७५ च्या अध्यादेशाने व पुढे १९७६ च्या अधिनियमाने ती बंद झाली आहे आणि तसले कर्जही त्याच वेळी रद्द ठरले आहे. ते कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार कलम १५ प्रमाणे धनकोवर आहे, मजुरावर नाही. विवेक पंडित व विद्युल्लता पंडित यांनी १९८२ साली स्थापन केलेल्या श्रमजीवी संघटनेने ठाणे जिल्ह्यात याच कायद्याच्या आधारे वेठबिगारांच्या मुक्ततेचे काम उभे केले. मजुरास मुक्त केल्यावर दंडाधिकाऱ्यांचे मुक्तता प्रमाणपत्र घ्यावे. तातडीचे ३०,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य व पुढील पुनर्वसन यांचा आधार तोच कागद आहे. त्यावाचून कुटुंब पुढच्या हंगामात पुन्हा उचल घेते.

भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची कामे जून ते दसरा या काळातच उरकावी लागतात. त्यांतही आवणीचे दिवस वगळले तर कार्यकर्त्याच्या हाती श्रावण व भाद्रपद एवढेच महिने राहतात. श्रावणाच्या आरंभी पाड्यावर एक दिवस बसून प्रत्येक घराची शिधापत्रिका, जातीचा दाखला, बँक खाते व वनहक्काचा दावा यांची यादी करावी. उणिवा कोणत्या ते त्याच दिवशी घरच्यांना वाचून दाखवावे. आणि भिवंडीस जावयाचे असल्यास आठ-दहा घरांचे अर्ज एकत्र घेऊन एकाच माणसाने जावे. ज्या दाखल्यास अर्जदार स्वतः हजर लागतो त्याची चौकशी आदल्या दिवशी दूरध्वनीवरून करून घ्यावी.